लाइनीच्या शेवटची वाडी

(तालुक्याच्या वाचनालयाच्या वासंतिक व्याख्यानमालेत झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावाने हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांच्याशी माझी पहिली भेट भांडणाची होती. साल १९८६. मी वीज खात्यात नवाच ज्युनिअर इंजिनिअर, आणि खालच्या वाडीला लाइन न्यायची होती. नकाशावर सरळ रेघ मारली तर ती गुरुजींच्या परड्यातल्या रायवळ आंब्यावरून जात होती. आंबा तोडायला लागेल, असं सांगायला मी गेलो. गुरुजी पडवीत झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मला आधी चहा दिला, नकाशा मागून घेतला, चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाले, "साहेब, हा आंबा माझ्या आज्याने लावला. ही रेघ तुम्ही काल मारलीत. यातलं वळवायला सोपं काय, ते तुम्हीच सांगा."

मी चिडलो, पण रेघ वळवली. एक खांब जास्त लागला, दोन ताणाच्या तारा जास्त लागल्या, आणि लाइन पलीकडच्या माडांच्या रांगेच्या कडेने गेली. माड वाऱ्यात वाकतो, पडत नाही, एवढं माझं तेव्हाचं ज्ञान.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मीही निवृत्त होऊन घरी बसलो होतो. रायवळ आंब्याच्या चार फांद्या गेल्या, बुंधा जागचा हलला नाही. माडांच्या रांगेतले मात्र पाच माड मुळांसकट लाइनीवर आले. ती लाइन मी आखलेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर मी काही ठासून सांगायला लागलो तर तुम्हाला ते कितपत मानायचं हे कळेल.

निसर्गनंतर आपल्याकडे एकही सभा अशी झाली नाही जिथे कुणी उठून म्हटलं नाही की तारा जमिनीखाली घाला, कटकट मिटवा. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हा ती मागणी आणखी चढ्या आवाजात झाली. मागणी चुकीची नाही. पण ज्याच्या तोंडी ती सगळ्यात जास्त असते, त्याला तिचा सगळ्यात कमी उपयोग आहे, असं माझं मत झालंय. ते कसं, ते आज सांगायचंय.

आधी लाइन पडते कशी ते बघा. लोकांना वाटतं वाऱ्याने खांब पडतो. नुसत्या वाऱ्याने क्वचितच पडतो. सिमेंटचा खांब लांबीच्या साधारण सहाव्या भागाइतका जमिनीत असतो, आणि तारेला वारा धरायला अंगच नसतं. पण झाड तारेवर आलं की ते आपलं वजन तिन्ही तारांवर टाकतं, तारा जवळच्या खांबाला ओढतात, तो मोडला की ताण पुढच्या खांबावर, तिथून त्याच्या पुढच्यावर. माळेतला एक मणी ओढावा तशी अख्खी ओळ येते. पावसाने माती भिजलेली असेल तर खांब मोडतही नाही, नुसता कलतो, आणि कललेला खांब हा मोडलेल्यापेक्षा वाईट, कारण तो उभा आहे असं वाटून माणूस त्याच्यावर चढतो. निसर्ग दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, आणि त्याच्या वाटेत होत्या माड-पोफळीच्या बागा. दापोली-मंडणगडापर्यंत लाइनी झोपल्या. पोफळीचं बारीक झाड एकटं असतं तर तारेने पेललंही असतं. पण पोफळी पडते ती बागेने पडते.

त्यात आपली खारी हवा. समुद्रावरून येणारं मीठ वर्षभर चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसतं, आणि पहिल्या पावसाची भुरभुर आली की त्या ओल्या मिठावरून वीज सरपटत खांबावर उतरते. मृगाच्या आदल्या रात्री खांबावर निळं जळताना तुम्ही बघितलं असेल. ॲल्युमिनियमच्या तारेच्या पोटात पोलादाची तार असते, ताण सोसायला. ती आतून गंजते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणजे वादळाने लाइन पाडली असं आपण म्हणतो, तेव्हा तिला निम्मी पाडून ठेवायचं काम समुद्राने आधीच केलेलं असतं.

आता जमिनीखालची बाजू. तिचं सर्वांत जवळचं उदाहरण मुंबई बेटाचं. आज ज्याला आपण बेस्ट म्हणतो, ती कंपनी १९०५ ची. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत तिच्या विजेचं जाळं भुईखालून आहे. तौक्तेच्या दिवशी, १७ मे २०२१ ला, कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला, शहरात शेकड्यांनी झाडं पडली. पण तारेवर झाड पडून लाइन झोपली, हे आपल्याकडचं रडगाणं तिथे नव्हतं. तारच वर नाही, तर झाड पडणार कशावर?

हा शहाणपणा मुंबईच्याही आधी न्यूयॉर्कने मोठी किंमत देऊन शिकला. एडिसनने १८८२ मध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजघर सुरू केलं तेव्हा त्याने आपल्या तारा जमिनीखालूनच नेल्या होत्या. बाकीच्या कंपन्यांनी नेल्या नाहीत. तारायंत्राचे, टेलिफोनचे, दिव्यांचे खांब रस्त्यात जंगलासारखे वाढले. तारा खाली घाला असा कायदा १८८४ मध्येच झाला होता. कंपन्या तो कानामागे टाकत राहिल्या. मार्च १८८८ च्या बर्फाच्या वादळात ते सगळं जाळं रस्त्यावर आलं, तरी काम रेंगाळलंच. ऑक्टोबर १८८९ मध्ये जॉन फीक्स नावाचा लाइनमन भर दुपारी, भर गर्दीच्या चौकात, तारांच्या गुंत्यात अडकून जळाला; खाली हजारो लोक बघत उभे होते. त्यानंतर मात्र महापौराने माणसं लावून तारा आणि खांब उतरवले. लाइनमन मेल्यावर खात्याला जाग येते, ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असं समजू नका.

मग हीच न्यूयॉर्कची केबल १२३ वर्षांनी कशी वागली? २९ ऑक्टोबर २०१२, सँडी वादळ. समुद्र चढला, ईस्ट नदीकाठच्या तेराव्या रस्त्यावरच्या उपकेंद्रात पाणी शिरलं, मोठा स्फोट झाला आणि मॅनहॅटनचा जवळजवळ सगळा दक्षिण भाग काळोखात गेला. केबलला वारा लागला नव्हता, पाणी लागलं. चार दिवस अंधार होता. शेजारी लाँग आयलंडवर खांबांवरच्या लाइनी होत्या, तिथे काहींना दोन-दोन आठवडे वाट बघावी लागली. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. केबल हरली, पण कमी हरली.

आपल्याकडेही पाण्याचा हिशेब आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि उपनगरांत काही ठिकाणी पाणी ओसरल्यावरही दिवसचे दिवस वीज नव्हती, कारण जमिनीलगतची यंत्रं बुडाली होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वारा काहीच नव्हता. नदीकाठच्या गावात केबल घालायची तर तिचे डबे, ते लोखंडी फीडर पिलर आणि रिंग मेनचे कप्पे, पुराच्या रेषेच्या वर चौथऱ्यावर बसवायला हवेत. ही साधी गोष्ट. पण चौथरा रस्त्याच्या सुशोभीकरणात बसत नाही म्हणून तो खाली येतो. ह्यावर मी नोकरीत असताना पुष्कळ पत्रं लिहिली, ती फायलीत असतील.

आणि केबलचं दुखणं शोधणं हे काय असतं, ते मी एकदा जवळून बघितलंय, ते तुम्हाला दाखवतो. एका मोठ्या शहरात माझी बदली झाली होती. पावसाळ्यात रात्री अकराला अकरा केव्हीची एक केबल गेली. वरची लाइन असती तर वायरमन टॉर्च घेऊन चालत गेला असता. लाइन आपलं दुखणं स्वतःच दाखवते, तुटलेली तार लोंबत असते. केबल काही दाखवत नाही. दोन्ही टोकं सोडवली, इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, फेज जमिनीला मिळालाय हे कळलं. मग गाडी आली, तिच्यातल्या यंत्राने सांगितलं, इथून सहाशे चाळीस मीटरवर. नकाशात केबल रस्त्याच्या डाव्या कडेने होती. पण नकाशानंतर रस्ता दोनदा रुंद झाला होता, आता डावी कड कुठली? मग थंपर लावला. तो दर काही सेकंदांनी केबलमध्ये दणका सोडतो, आणि जिथे केबल फाटलीय तिथे जमिनीखाली धप्प असा आवाज होतो. पहाटे तीनला, वॉचमनने रिक्षा थांबवलेल्या, आणि आमचा जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारा कारागीर, ओल्या डांबरावर कान लावून आडवा. थोडं सरकायचा, पुन्हा कान. आम्ही श्वास धरून उभे. शेवटी तो एका बंद पानटपरीच्या पायरीशी थांबला आणि म्हणाला, "हितं." टपरी हलवायला मालकाला शोधण्यात दीड तास गेला. खणल्यावर कळलं, काही महिन्यांपूर्वी कुणीतरी नळाच्या कामाला पहार मारली होती, केबलच्या सालीला खरचटलं होतं, त्यातून पाणी मुरत मुरत आत गेलं होतं. खड्ड्यातलं पाणी डब्याने उपसत, वर छत्री धरून त्याने जॉइंट केला. दिवा लागला तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

त्या जॉइंटरसारखी माणसं तेव्हाही तालुक्याच्या गावाला नव्हती, आजही नाहीत. केबल घालण्याचं टेंडर निघतं. जॉइंटर टेंडरने येत नाही.

आता पैशाचं. इथे आकडा सांगतो तो परका आहे, पण स्वच्छ आहे म्हणून सांगतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डिसेंबर २००२ मध्ये बर्फाच्या वादळाने साधारण वीस लाख ग्राहकांची वीज गेली. लोक म्हणाले, सगळं जमिनीखाली घाला. राज्याच्या आयोगाने अभ्यास केला. उत्तर आलं: ४१ अब्ज डॉलर, २५ वर्षं, आणि वीजदरात सव्वापटीने वाढ, म्हणजे शंभराचं बिल सव्वादोनशे. त्याच अभ्यासात असंही निघालं की जमिनीखालच्या वाहिन्यांत बिघाड निम्म्याने कमी होतात, पण एकेक बिघाड दुरुस्त व्हायला ५८ टक्के जास्त वेळ लागतो. राज्याने प्रस्ताव बाजूला ठेवला. आणि त्यांच्याकडे जांभा नाही. आपल्याकडे अकरा केव्हीची केबल ९० सेंटिमीटर खाली घालायची, तिच्याखाली-वर वाळूचा थर द्यायचा, त्यावर विटा किंवा फरश्या मांडायच्या. नियम सोपा आहे. जांभ्यात ९० सेंटिमीटर चर खणून बघा. घाट उतरून येणाऱ्या तेहेतीस केव्हीच्या लाइनीला तर तो विचारही नको.

म्हणून कुठे कुठे केबल घातली गेली ते बघा. हुदहुद वादळाने ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणम झोडपलं, मग तिथे जागतिक बँकेच्या पैशाने भूमिगत वाहिन्या आल्या. फनी ३ मे २०१९ ला पुरीवर आलं, पुरीतही तेच काम. आपल्याकडे राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात अलिबागला भूमिगत वाहिन्या मंजूर झाल्या. सगळी शहरं, दाट वस्ती. हे बरोबरच आहे. एका किलोमीटर केबलीवर जिथे पाचशे ग्राहक येतात तिथे ती परवडते. जिथे एका किलोमीटरवर सहा घरं आहेत तिथे परवडत नाही.

आता मी ज्याच्यासाठी उभा राहिलोय ते सांगतो.

वादळानंतर दुरुस्तीचा क्रम कसा लागतो? आधी उपकेंद्र, मग दवाखाना आणि पाणीयोजना, मग गाव, मग ज्या लाइनीवर जास्त मीटर ती लाइन, आणि शेवटी टोकाची वाडी. मी स्वतः हा क्रम शेकडो वेळा लावलाय आणि तो बदलावा असं मला कधी वाटलं नाही. दुरुस्तीच्या एका गँगने दिवसभर राबून दोन हजार घरं उजळायची की बावीस? निसर्गमध्ये बाहेरच्या जिल्ह्यांतून गँगा आल्या. टाळेबंदीचे दिवस, माणसं शाळेच्या वर्गात झोपायची, तोंडाला फडकं बांधून खांबावर चढायची. त्यांना आमच्या लाइनी माहीत नव्हत्या, मला पाठ होत्या. म्हणून मी काठी घेऊन वाट दाखवायला त्यांच्यापुढे चाललो. तालुक्याच्या गावात दिवे लागले, त्यानंतर तीन आठवड्यांनी आम्ही खालच्या वाडीला पोचलो. तिथे गाडी जात नाही. बारा माणसांनी दोर आणि बांबू लावून एकेक खांब पाखाडीवरून उतरवला. गँगची आठ माणसं आणि वाडीतली चार. त्यातल्या एकाचं वय सत्तरीच्या पुढे होतं, तो बाजूला व्हायला तयार नव्हता. वाडीच्या नळाला महिनाभर पाणी नव्हतं, बाया पुन्हा विहिरीच्या रहाटावर होत्या, आणि मोबाइल चार्ज करायला पोरं गावात जनित्रवाल्याकडे पैसे देऊन रांगेत उभी राहत होती.

गावाला केबल मिळाली की ही वाडी पुन्हा शेवटीच राहणार, असं वरवर दिसतं. दुरुस्तीत शेवटची आणि खर्चातही शेवटची. निसर्गनंतर मीही तेच म्हणत होतो, जरा तावातावाने. पण मग मी त्या महिन्याचा हिशेब मांडला. आमच्याकडे आलेल्या गँगांचे निम्म्याहून जास्त दिवस गावातल्या बाजारपेठेत आणि गावाच्या आसपासच्या बागांत गेले होते. तिथली लाइन जमिनीखाली असती, तर त्या गँगा दुसऱ्या दिवशी सकाळी पाखाडी उतरल्या असत्या. म्हणजे बाजारपेठेतली केबल ही बाजारपेठेपेक्षा वाडीच्या कामाची आहे. अट एकच: त्या मोकळ्या झालेल्या गँगा खरोखर वाडीवर जायला हव्यात. आणि ही अट कागदावर कुठे नसते. केबल घातली की पुढच्या वर्षी गावातली वायरमनची पदं कमी होतात. आता लाइन पडत नाही ना, मग माणसं कशाला! वाचलेला वेळ वाडीला न मिळता हिशेबाच्या वहीत जातो.

तेव्हा केबल मागा, जरूर मागा. पण मागताना प्रस्तावात एक पान जास्त लावायला सांगा: ह्या केबलीमुळे वादळानंतर किती गँगा मोकळ्या होतील आणि त्या कुठल्या वाडीवर, कितव्या दिवशी जातील. वाडीचं नाव घालून. ते पान नसेल तर ती केबल फक्त दुकानदारांची आहे.

बाकीचं भराभर सांगतो. बागांमधून जाणाऱ्या लाइनीला उघड्या तारा बदलून एबी केबल, म्हणजे सालीत गुंडाळलेल्या तारांचा जुडगा, घालता येतो. तो खांबांवरच राहतो, फांदी टेकली तर ठिणगी पडत नाही. जमिनीखालच्या केबलीपेक्षा तो खूप स्वस्त पडतो. पूर्ण माड पडला तर तो त्यालाही झेपणार नाही, पण रोजच्या झुळकेला दिवा जाणार नाही. टोकाच्या वाडीला शाळेच्या छपरावर सौर पॅनेल आणि पाण्याच्या पंपापुरती सोय केली तर महिनाभर अंधार असला तरी घसा कोरडा राहणार नाही. आणि ज्यांच्या घरी जनित्र आहे त्यांना हात जोडून सांगतो, मेन स्विच खाली ओढल्याशिवाय ते चालू करू नका. तुमच्या घरातली वीज उलटी लाइनीत शिरते, डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून चढून अकरा हजार व्होल्ट होते, आणि तिकडे खांबावर कुणाचा तरी मुलगा लाइन बंद आहे असं समजून हात घालतो.

मुंबईकर नातेवाइकांनीही केबलीचा फार तोरा मिरवू नये. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आभाळ स्वच्छ होतं. बेटाखालच्या केबली ठणठणीत होत्या. त्यांना वीज पोचवणाऱ्या उंच मनोऱ्यांवरच्या लाइनी बाहेरून येतात, कळव्या-पडघ्याच्या बाजूने, आणि दुखणं तिथे होतं. कितीही खाली पुरलं तरी वीज कुठेतरी उघड्यावरून येतेच.

गुरुजींना नंतर एकदा मी विचारलं होतं, आंबा तोडला असता तर तुम्हाला दिवा दोन महिने आधी मिळाला असता, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, कंदील होता की. पण त्यांच्या खालची वाडी तेव्हा त्या दिव्याचीच वाट बघत होती, हे त्यांनाही माहीत होतं. आणि ती लाइन वळवताना मी किती दिवस घालवले ते त्यांनी मला कधी विचारलं नाही.

आज मृगाला जेमतेम चार आठवडे उरलेत. येत्या आठवड्यापासून वायरमन कोयते आणि शिड्या घेऊन फांद्या छाटायला फिरतील, त्यासाठी दिवसभर वीज बंद ठेवतील, आणि तुम्ही त्यांना फोन करून शिव्या द्याल. देऊ नका. परड्यात आले तर चहा द्या, फांदी तोडू द्या. अख्खं झाड मागितलं तर मात्र नकाशा मागून घ्या. आणि कार्यकर्त्यांना एक सांगायचं राहिलं. मी आत येताना बघितलं, वाचनालयाच्या फाटकाजवळच्या गुलमोहराची फांदी तारेला टेकलीय. गुलमोहर फार ठिसूळ. सुरुवात तिथून करा.